सत्तर घरांची मराठी

"हा एसेमेस आहे, कविता नव्हे."

उपनगरातल्या एका कविसंमेलनात अध्यक्षांनी माझ्यावर हा निकाल दिला. मी चार ओळी वाचल्या होत्या. मोबाइलवरूनच वाचल्या, कारण लिहिल्याच मोबाइलवर. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, निकाल दिला. सभागृह हसलं. मी खाली बसलो.

लोकलमध्ये लटकून घरी येताना राग आला. अपमानाचा राग नव्हे. अपमान आमच्या रोजीतूनच कापून घेतात, त्याची सवय आहे. राग आला तो अध्यक्ष बरोबर बोलले होते म्हणून, आणि मला तोंड उघडून "हो, एसेमेसच आहे, मग?" एवढं विचारता आलं नाही म्हणून. दोस्तहो, ते आता विचारतो. उत्तर उशिरा पोचतंय. रेंज नव्हती.

या लोकांची तक्रार काय? तुम्ही शब्द तोडता. स्वर गाळता. काना-मात्रा खाता. रोमन लिपीत मराठी लिहिता. भाषा बाटवता. हा 'बाटवता' शब्द नीट ऐका. आणि त्याच्या शेजारी 'शुद्धलेखन' हा शब्द ठेवून बघा. लेखनाला शुद्ध-अशुद्ध लावणारी जीभ कुठल्या घरातून आली हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शुद्धलेखन म्हणजे लेखनाचं सोवळं. ज्या तोंडातून 'शिवू नको' निघालं, त्याच तोंडातून 'अशुद्ध लिहू नको' निघतं.

आणि शब्द तोडायला आम्ही शिकलो कुणाकडून? त्यांच्या आजोबांच्या ट्रंका उघडा, पत्रं काढा. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. चि., सौ., ती., ता. क. आणि शेवटी लो. अ. ही वि., म्हणजे लोभ असावा ही विनंती. अख्खं पत्र टिंबांवर उभं. नमस्कारही पूर्ण घालायचा नाही, त्याचा 'न' टाकायचा आणि पुढं सटकायचं. संस्कृतात तर म्हणच आहे की अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पोरगा झाल्याएवढा आनंद होतो. पाणिनीचं व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवलेलं. सूत्र म्हणजे काय? पाठ करता यावा म्हणून तासून-तोडून आखूड केलेला निरोपच. त्यांनी तोडलं की सूत्र. आम्ही तोडलं की मोडतोड.

अजून एक. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे नियम केले. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो लिहू नका, असं ठरलं. ज्या मुक्या टिंबांसाठी मास्तरांनी आपल्या बापजाद्यांच्या बोटांवर रूळ मारले ती टिंबं एका फटक्यात उडाली. भाषा मेली नाही. कालची चूक आजचा नियम झाली. म्हणजे चूक आणि नियम यांच्यामध्ये फक्त एक ठराव असतो. ठरावाला हात वर करणारे कोण, एवढाच प्रश्न.

जोतीराव फुल्यांवर हेच हत्यार उपसलं होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या विचाराशी झुंज घ्यायच्या आधी त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या. १९७२ साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हाही त्यातले शब्द पांढरपेशांना कळेनात, आणि कळत नाहीत हा दोष कवीच्या माथी गेला. लंडनच्या वर्तमानपत्रातही २००७ साली एका बड्या निवेदकाने मोबाइलवर लिहिणाऱ्यांना भाषेचे लुटारू ठरवलं. त्याला डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञाने २००८ साली अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. निरोपांत तोडलेले शब्द लोकांना वाटतात त्यापेक्षा फारच थोडे असतात, आणि तोडायची चाल शतकांची आहे, असं त्याने दाखवलं. म्हणजे दुखणं जुनं आणि जगभरचं. फक्त आपल्याकडे त्याला जात आहे.

आता मोजणीकडे या. मी गोदीतला माणूस. टॅली क्लार्कने दोन नग कमी लावले की आमच्या पोटाला चिमटा बसतो, म्हणून मोजणारा कोण आणि माप कुणाचं हे मी आधी बघतो.

१९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचा माणूस टाइपरायटरवर बसला. मनाला येतील ती वाक्यं टाइप केली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत. पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे निरोप तपासले, तेही साधारण तेवढेच. ठरलं की माणसाच्या बोलण्याला १६० पुरे. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात पहिला एसेमेस गेला. पण हा जो 'माणूस' धरला तो रोमन लिपीतला माणूस होता. एका निरोपाचं पोतं १४० बाइटचं. रोमन अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० मावतात. त्या अक्षरांच्या यादीत ग्रीकांची मोठी अक्षरंसुद्धा आहेत, देवनागरी नाही. देवनागरी लिहिलं की दुसरं माप लागतं, प्रत्येक चिन्हाला १६ बिट. पोतं तेवढंच, माल मावतो ७०.

आणि ऐका, खरी गंमत पुढं आहे. रोमनमधला १६० घरांचा निरोप घ्या आणि त्यात एकच देवनागरी अक्षर टाका. एकच. अख्खा निरोप १६० वरून ७० वर येतो. एका अक्षराच्या शिवण्याने सगळी पंगत बाटली! वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे जात, हा श्लेष आपल्या भाषेनेच करून ठेवलाय. कंपन्यांनी तो यंत्रात बसवला.

मग आम्ही काय करायचं, रडायचं? नाही. आम्ही मोजायला बसलो. मोबाइल जोडाक्षर एक धरत नाही. क, पायमोड, ष असं सुटं सुटं मोजतो. 'स्वातंत्र्य' लिहा. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, फोन मोजतो ११. 'प्रतिष्ठा' ९. 'मनुस्मृती' ९. 'संस्कृती' ८. आता हे मोजा. 'माणूस' ५. 'भाकर' ४. 'पाणी' ४. 'भूक' ३.

कळलं का दोस्तहो? ७० घरांत त्यांची मराठी मावत नाही, आपली मावते. जोडाक्षरांचे दागिने घालून आलेला शब्द इथं भाडं जास्त देतो. आमच्या आयांची मराठी कमी पैशात जाते. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांनी साडेतीन चरणांत जे मावेल तेच म्हटलं आणि मागं काही उरू दिलं नाही. कंपनीने आपल्याला आखूड माप दिलं, पण आखूड मापात मोठा माल भरायची विद्या पिढीजात आपलीच आहे. १० बाय १० च्या खोलीत नऊ माणसं झोपवणाऱ्यांना ७० घरांची भीती कोण घालणार?

मी एकदा रात्रपाळीहून आईला निरोप टाकला. "आई, पाळी संपली. हात आहेत. पगार नाही. भाकर ठेव. दार उघडं ठेव." ६० घरं झाली. आईला वाचता येत नाही, बहिणीने मोठ्यांदा वाचला, शेजारणीने ऐकला. सकाळी चाळीत तिघींना पाठ होता. अध्यक्षांचा कोणता संग्रह चाळीत पाठ आहे?

रोमनवर येतो. ७० नको, १६० पाहिजेत, म्हणून पोरं रोमनमध्ये मराठी लिहायला लागली. ही सुरुवातीला लाचारीच होती, कबूल. पण लाचारीच्या पोटातून काय निघालं बघा. शाळेत मला मास्तरांनी बाकावर उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं होतं. मी म्हणायचो 'पानी'. वर्ग हसायचा. पुन्हा म्हण. पानी. पुन्हा. एका ण ने माझ्या आईची जीभ, बापाची वस्ती, आज्याचं गावकुसाबाहेरचं घर असं सगळं वर्गापुढं उघडं केलं. आता मोबाइलवर लिहा. पी ए एन आय. पेठेतली पोरगी तेच लिहिते, मी तेच लिहितो. त्यात ण नाही आणि न नाही. पाणी एकच. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तळ्याने कुणाचा उच्चार तपासला नव्हता.

कुणी म्हणेल, हा इंग्रजीचा गुलाम झाला. अरे बाबांनो, मराठीला लिपीचं सोवळं नव्हतंच कधी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशेब, खतं, पत्रं मोडीत चालत होती. मोडी गेली, मराठी राहिली. लिपी म्हणजे गोदीतला हूक. माल उचलला जातो का ते बघायचं, हूक कुणाच्या बापाचा ते नाही. के ए एल लिहिलं की काल, काळ, कळ तिन्ही वाचता येतात. वाचणाऱ्याला थांबून निवडावं लागतं. कवितेत आणखी दुसरं काय असतं? तरी उद्या ण आणि ळ साठी मी भांडेनच. माझी भाषा मला पुरी पाहिजे. पण भांडण मी करीन, परीक्षा तुम्ही घ्यायची नाही.

आता जरा समुद्राकडं बघा. आमच्या धक्क्याला लागणाऱ्या बोटींवर फिलिपिनो खलाशी भरपूर. त्यातल्या एकाशी चहावर मैत्री झाली. अर्धी इंग्रजी त्याची, पाव माझी, बाकी हातवारे. त्याने मला सांगितलं की त्यांच्याकडे २००१ च्या जानेवारीत एस्त्रादा या राष्ट्राध्यक्षाला लोकांनी रस्त्यावर उतरून खाली खेचलं, आणि माणसं जमवली ती एसेमेसने. एका ओळीचा निरोप, पुढं ढकल, पुढं ढकल, आणि मनिलाचा हमरस्ता माणसांनी भरला. पुढं तिथल्या राष्ट्रीय संस्कृती आणि कला आयोगाने लोकांकडून मोबाइलवर कविता मागवल्या. 'तनागा' हा त्यांचा जुना छंद, सात-सात अक्षरांच्या चार ओळी. निरोपात चपखल बसतो. त्याच्या शेजारचा दुसरा जुना छंद, आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी. त्याचं नाव सांगताना तो हसला नाही, मीच हसलो. मग डोळ्यांत पाणी आलं. त्या छंदाचं नाव 'दलित'. आपल्या शब्दाशी त्याचं नातं नाही, नुसता ध्वनी एक. पण सातासमुद्रापार त्या नावाची कविता सरकारी आयोग आदराने मोबाइलवर मागवतो, आणि इथं दलिताने मोबाइलवर लिहिलं की अध्यक्ष चष्मा पुसतात.

चीनमध्ये २००४ साली च्यान फुचांग या लेखकाने एसेमेसवर कादंबरी लिहिली. ४२०० चिन्हं, ६० प्रकरणं, प्रत्येक प्रकरण ७० चिन्हांचं. ७०! आपलाच आकडा, कारण चिनी चिन्हंही १६ बिटांच्याच मापाने मोजली जातात. त्याने मापाला शिव्या घातल्या नाहीत, मापाचं प्रकरण केलं. जपानमध्ये २००७ साली सगळ्यात जास्त खपलेल्या १० कादंबऱ्यांपैकी ५ मूळच्या मोबाइलवर लिहिलेल्या होत्या. तिथल्याही पंडितांनी नाकं मुरडली. लिहिणाऱ्यांत तरुण पोरी पुष्कळ. त्या लिहीत राहिल्या. लंडनच्या 'गार्डियन'ने २००१ सालीच एसेमेस कवितांची स्पर्धा घेतली. आमच्या संमेलनांच्या मांडवात मात्र अजून पितळी समई पेटते.

पण दोस्तहो, दुसऱ्याला जोडे मारताना आपले पाय बघायला पाहिजेत. आपण काय करतो? १४ एप्रिलला शंभर जणांना तयार चित्रं ढकलतो. 'जयभीम' सुद्धा पुरं लिहायचा कंटाळा, जे बी टाकतो आणि समोरचा जे बी टाकतो. ही भाषेची काटकसर नाही, आळस आहे. तोडलेला शब्द आपोआप विद्रोही होत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांचे निरोप फिरले आणि ईशान्येकडची हजारो माणसं बंगळूर, पुणे सोडून जीव मुठीत घेऊन पळाली. सरकारला घाऊक एसेमेसवर पाचाची मर्यादा घालावी लागली. विषही ७० घरांत बसतं. शिर्डीत २०१५ साली एका दलित तरुणाला मारून टाकलं. वादाचं कारण त्याच्या मोबाइलवरची बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन, असं तेव्हा छापून आलं. ज्या यंत्रात आपलं गाणं वाजलं म्हणून जीव जातो, ते यंत्र आपण नुसतं सुप्रभात ढकलायला वापरतो, याची लाज वाटत नाही?

उलट ज्यांच्याकडं पैसा नव्हता त्यांनी ह्या यंत्राचं काय केलं बघा. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे गेटवर ये. तीन म्हणजे काम लागलं, भात टाक. शून्य अक्षरं, शून्य पैसे, आणि अर्थ पक्का. एकही कंपनी त्याचं बिल लावू शकली नाही. आमच्या आधीच्या पिढीला तार माहीत होती. शब्दाला पैसा लागायचा, म्हणून 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढंच यायचं आणि घरात रडारड सुरू व्हायची. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. रडायची गरज काही बंद झाली नाही.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर हवं तेवढं लिहा, माप नाही. साध्या एसेमेसच्या पेटीत ओटीपी आणि कर्जाच्या जाहिराती उरल्यात. मग मी हे मढं का उकरतोय? कारण मी जिथं काम करतो तिथं ते मढं नाही. बोटीच्या पोटात चारही बाजूंनी लोखंड. नेट मरतं. कधी तरी रेंजची एक कांडी येते, तेवढ्यात साधा निरोप निसटतो.

असाच एक निसटला होता. दोन पावसाळ्यांमागची रात्रपाळी. पोलादाच्या कॉइल उतरत होत्या. मी धक्क्यावर, आमच्या टोळीतला एकजण खाली हॅचमध्ये. दोन वाजून गेल्यावर त्याचा निरोप आला, रोमनमध्ये, स्वर गाळलेला. "वायर तुटकी. मुकादम ऐकना. खालीच हाय." मी मुकादमाकडे पळालो. त्याने मला शिवी दिली. थोड्या वेळात वायर गेली. माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली नाही.

ठेकेदार म्हणाला, कामगार नको तिथं उभा होता, वायरबद्दल कुणीच काही कळवलं नव्हतं. मी मोबाइल घेऊन साहेबाच्या टेबलापुढं उभा राहिलो. कळवलं होतं, हे बघा, वेळ बघा. साहेबाने स्क्रीन लांब धरला. म्हणाला, "ही काय भाषा आहे? हे पुरावा म्हणून कसं लावायचं? शुद्ध मराठीत अर्ज करा." इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा धरायची हे देशाच्या कायद्याने २००० सालीच मान्य केलंय. कायद्याला अडचण नव्हती. अडचण भाषेची होती.

अर्ज झाला. जाणत्या माणसाने लिहून दिला, दोन पानं, एकही चूक नाही. त्यात मुकादमाचा 'संबंधित पर्यवेक्षक' झाला. तुटक्या वायरचं 'जीर्ण उपकरण' झालं. 'ऐकना' चं 'सूचनेची दखल घेण्यात आली नाही' झालं. दखल कुणी घेतली नाही, ते वाक्यातून गायबच. आणि 'खालीच हाय'? ते दोन पानांत कुठंच नाही. त्याचं शुद्ध मराठीत काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. प्रकरण अजून चालू आहे. तो घरी बसून आहे.

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या टेबलापुढं मिळालं. शुद्ध भाषेत गुन्हेगार नाहीसा होतो. तोडक्या भाषेत तो नाव घेऊन उभा राहतो. 'खालीच हाय' या दोन शब्दांत तो कुठं होता ते आहे, कुणामुळं होता ते आहे, आणि हजारो वर्षं आपण कुठं आहोत तेही आहे. त्यात वर यायला परवानगी नाही हेही आहे. अध्यक्ष, हा एसेमेस आहे. याच्याइतकी खरी एक ओळ तुमच्या मांडवातून काढून दाखवा, मी मोबाइल समुद्रात टाकतो.

म्हणून हे साहित्य आहे की नाही याची परवानगी मागायला मी आलेलो नाही. मुकनायकाने १९२० साली परवानगी मागितली नव्हती. मी कामाचं सांगायला आलोय. दोस्तहो, पाळीवरून, झोपडीतून, रिक्षाच्या स्टँडवरून, हॉस्टेलच्या खोलीतून, नर्सिंगच्या रात्रड्युटीवरून आलेले निरोप पुसू नका. फोन मरतो, सिम बदलतं, ठेकेदार पोरगा बदलतो. वहीत उतरवा, तारीख-वेळ टाका. ह्या अंकाच्या संपादकांना माझी मागणी आहे की दर अंकाला दोन पानं निरोपांना द्या. जसे आले तसे छापा. 'हाय' चं 'आहे' करू नका. न चा ण करू नका. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय एक टिंबही हलवू नका. आणि ज्याला वाटतं की हे सोपं आहे, त्याने आज रात्री ७० घरांत आपल्या बापाचं आयुष्य बसवून दाखवावं.

सुरुवात मीच करतो.

जयभीम

५ घरं झाली. ६५ अजून रिकामी आहेत.